बिनतारी राखण

आमच्या रामबागेतल्या घराच्या पुढच्या दाराला अजून अडसर आहे. सागवानाचा, मनगटाएवढा जाड, भिंतीतल्या खोबणीतून ओढून दारामागे सरकवायचा. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, रात्री बरोबर दहा वाजता तो सरकवीत. त्याचा तो घर्र असा आवाज म्हणजे आमच्या घराची शेजारतीच होती. तो ऐकू आला की दिवस संपला, आता जे काय व्हायचे ते उद्या, अशी आम्हा भावंडांची समजूत असे. नाना गेल्यावर तो सरकवण्याचे काम माझ्याकडे आले, आणि खरे सांगायचे तर गेल्या काही वर्षांत मी ते सोडूनही दिले होते. दाराला इंटरलॉक आहे, ग्रिलचे फाटक आहे. अडसर आपला खोबणीत पडून असतो.

मागचे दार मात्र साध्या कडीचे. ते एका बोळात उघडते. लहानपणी या बोळाला आमच्या घराहून अधिक डोळे होते. अनोळखी माणूस आत शिरला की तीन खिडक्यांतून एकाच वेळी ‘कोण पाहिजे?’ आणि ‘किसके यहाँ जाना है?’ असे प्रश्न येत; एक मराठीतून, दोन माळवी वळणाच्या हिंदीतून. कुलूप ही वस्तू आम्हांला फक्त बाहेरगावी जाताना लागे, आणि तेव्हाही किल्ली समोरच्या काकूंकडे असे. या राखणीची किंमत आम्ही देत नव्हतो असे मात्र नव्हे. कॉलेजात असताना मी एकदा रात्रीचा सिनेमा पाहून मागच्या दाराने चोरपावलांनी घरात आलो. सकाळी चहाच्या आधी नानांना सिनेमाचे नावसुद्धा कळलेले होते.

आता त्या तीन खिडक्यांपैकी एका घराची चार मजली इमारत झाली आहे, दुसऱ्या घराला कुलूप आहे आणि तिसऱ्यात वातानुकूलन यंत्र बसल्यामुळे खिडकी बारा महिने बंद असते. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात आमच्या ओळीतले एक कुटुंब लग्नासाठी उज्जैनला गेले आणि परत आले तेव्हा कपाट उघडे होते. कोणालाही काही ऐकू आले नव्हते. ही बातमी बंगळूरला पोचायला एक संध्याकाळ पुरली. त्यानंतरच्या रंगपंचमीला चिरंजीव घरी आले ते एक पुठ्ठ्याची पेटी घेऊनच.

पेटीत काय काय होते ते सांगतो, कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी म्हातारी माणसे दिवसभर एकटी असतात आणि अशी पेटी आज ना उद्या तुमच्याही दाराशी येईल. एक पुस्तकाएवढी मुख्य पेटी, दारांना लावायच्या तीन छोट्या जोड्या, भिंतीवर लावायचे दोन पांढरे डोळे, एक भोंगा, आणि एक कॅमेरा. तार कुठेही नाही. भिंत फोडायची नाही, पट्टी ठोकायची नाही. मागे चिकटपट्टी असते, तिनेच सारे चिकटवायचे. आमच्या घराच्या दीड हात जाडीच्या भिंतींत खिळा ठोकणे हा एक स्वतंत्र प्रपंच असल्यामुळे ही गोष्ट मला मनापासून आवडली. चिरंजिवांनी दोन तासांत सर्व बसवले. मी शिडी धरून उभा होतो, आणि सवयीप्रमाणे प्रश्न विचारत होतो. आयुष्यभर मराठी शिकवले असले तरी शाळेत विज्ञानाचे शिक्षक रजेवर गेले की तो तास बहुधा मुख्याध्यापकाच्याच वाट्याला येतो.

दाराच्या जोडीतला एक तुकडा चौकटीवर बसतो, दुसरा फळीवर. फळीवरच्या तुकड्यात नुसते लोहचुंबक असते. चौकटीवरच्या तुकड्यात काचेची एक बारीक नळी, आणि तिच्यात लोखंडी मिश्रधातूच्या दोन लवचीक पट्ट्या. चुंबक जवळ असेतो त्या एकमेकींना चिकटून राहतात. दार उघडले, चुंबक दूर गेले, की सुटतात. एवढेच. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत वॉल्टर एलवुड यांनी 1936 साली हे बटण तयार केले, तेव्हा त्यांच्यासमोर टेलिफोन होते, चोर नव्हते. ही जोडी एरवी झोपलेली असते. दार हलले की क्षणभर जागी होऊन मुख्य पेटीला रेडिओलहरींवरून एक निरोप धाडते आणि पुन्हा झोपते. म्हणूनच रुपयाच्या नाण्यासारखी 3 व्होल्टची बॅटरी तिला वर्षभर आणि कधी अधिकही पुरते. या लहरींसाठी आपल्याकडे काही पट्टे मोकळे ठेवलेले आहेत. 433 मेगाहर्ट्झच्या आसपासचा एक, 865 च्या पुढचा एक, आणि ज्यावर घरोघरचे वायफाय चालते तो 2.4 गिगाहर्ट्झचा. मर्यादित शक्तीच्या यंत्राला तेथे परवाना लागत नाही. घरातल्या साध्या रेडिओसाठीही पोस्टात जाऊन परवाना काढून आणणारे नाना हे ऐकून थक्क झाले असते.

भिंतीवरचा पांढरा डोळा त्याहून गमतीचा. तो डोळा म्हणावयाचा खरा, पण तो कोणाचे रूप पाहत नाही. तो फक्त ऊब पाहतो. माणसाच्या अंगातून सतत अवरक्त किरण बाहेर पडत असतात. डोळ्यावरच्या दुधी प्लास्टिकच्या भिंगाला बारीक पैलू असतात आणि त्यांच्यामुळे समोरच्या जागेचे पंख्याच्या पात्यांसारखे भाग पडतात. उबदार देह एका भागातून दुसऱ्यात गेला की आतल्या दोन संवेदकांना मिळणारी उष्णता क्षणभर असमान होते, आणि यंत्र समजते, कोणीतरी चालले. स्तब्ध बसलेला माणूस त्याला दिसत नाही. काचेपलीकडचाही दिसत नाही. आणि आमच्या माळव्यातल्या वैशाखात, जेव्हा भिंतीच मुळी अंगाइतक्या तापतात, तेव्हा चालता माणूसही त्याला नीट दिसत नाही. कारण त्याला दिसते ते ऊब आणि भोवताल यांतले अंतर. ही गोष्ट पेटीवर छापलेली नव्हती. आम्ही ती मे महिन्यात अनुभवाने शिकलो.

माणसाने चोरासाठी विजेचा उपयोग करावयास काही आजच सुरुवात केलेली नाही. बॉस्टनजवळच्या सॉमरव्हिल गावच्या ऑगस्टस पोप नावाच्या एका धर्मोपदेशकाने 1853 साली दाराखिडक्यांना तारा जोडून, दार उघडताच घंटा वाजेल अशा योजनेचे पेटंट घेतले होते. तारेवाचून घंटा वाजवण्याचा चमत्कार तर आपल्याच देशात झाला. 1895 च्या सुमारास कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बसूंनी भिंतींपलीकडून अदृश्य लहरी धाडून घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली. मुलांना हा प्रसंग मी दरवर्षी सांगतो. पण त्याचा नातू आमच्या पडवीत येऊन भिंतीला चिकटेल असे कधी मनात आले नव्हते.

तथापि या साऱ्या कथेत मला सर्वांत जवळची वाटते ती न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली एक परिचारिका, मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन. तिची पाळी वेळीअवेळी असे, नवऱ्याचीही तशीच; कित्येक रात्री ती घरात एकटी. वस्तीत गुन्हे वाढलेले, आणि पोलिसांना बोलावले तर ते सावकाश येत. तिने आणि तिचा नवरा अल्बर्ट याने मिळून एक व्यवस्था रचली. दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार भोके, त्यांतून बाहेर पाहणारा वरखाली सरकणारा कॅमेरा, निजायच्या खोलीत दूरचित्रवाणीचा पडदा, बाहेरच्याशी बोलण्याची सोय, ओळखीचा असेल तर अंथरुणावरूनच दार उघडायचे बटण, आणि नसेल तर मदत मागण्याचे दुसरे. 1966 साली त्यांनी अर्ज केला, 2 डिसेंबर 1969 रोजी पेटंट मिळाले. आज दारोदारी जे कॅमेरे दिसतात त्यांचे मूळ या बाईच्या एकटेपणात आहे. तिची अडचण चोर दिसत नाही ही नव्हती. हाक मारली तर येणार कोण, ही होती.

कॅमेऱ्यावरून मात्र आमच्या घरात खडाजंगी झाली. चिरंजिवांचे म्हणणे, कॅमेरा माजघरात लावावा, म्हणजे आजी दिसत राहील. माझी आई तेव्हा एक्याऐंशी वर्षांची. तिचे सारे विश्व म्हणजे ते माजघर. तेथेच ती निजते, जपमाळ ओढते, लुगडे बदलते.

“अहो, तुम्हीच सांगा त्याला,” सौ. म्हणाली. “आईंना कळत नसेल, पण मला कळतं ना?”

चिरंजीव म्हणाले, चित्र फक्त आपल्याच मोबाइलवर येते. मी त्यांना 2016 सालची गोष्ट सांगितली, जी मी वर्तमानपत्रात वाचून वहीत उतरून ठेवली होती. त्या वर्षी ‘मिराई’ नावाच्या एका घातक संगणकीय आज्ञावलीने जगभरातले लाखावर कॅमेरे आणि तत्सम यंत्रे ताब्यात घेतली होती, आणि त्याचे कारण हेच की कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द कोणी बदललेलाच नव्हता. चिरंजीव हसले, म्हणाले, “बाबा, तो मी बदललाय.” वाद तेवढ्यावर मिटला नाही, पण कॅमेरा शेवटी पुढच्या फाटकावर गेला आणि माजघर मोकळे राहिले. पुढे जे घडले ते पाहता चिरंजिवांचे म्हणणे मानले असते तर बरे झाले असते काय, हा प्रश्न मला अजून पडतो. माझे उत्तर अजूनही नाही असेच आहे. पण पूर्वीच्या ठामपणाने ते येत नाही.

आईने या यंत्राला पहिल्या दिवशीच आपल्या परीने उत्तर दिले. पडवीतल्या पांढऱ्या डोळ्याकडे तिने बराच वेळ पाहिले, “हा कोण बघतोय रे?” असे विचारले, आणि दुसऱ्या दिवशी स्टुलावर चढून, हे मला आठवले तरी धडकी भरते, त्याच्यावर एक स्वच्छ हातरुमाल घातला. रात्री देवांना घालतात तसा. आठ दिवस आमचा तो पहारेकरी डोळ्यांवर फडके घेऊन उभा होता आणि आम्हांला पत्ता नव्हता. रुमाल काढला तेव्हा ती म्हणाली, “अरे, त्यालाही झोप नको का?”

रुमाल निघाला आणि भोंगा सुरू झाला. पहिल्या रात्री पावणेदोनला तो असा काही ओरडला की अर्धी गल्ली जागी झाली. समोरचे काका काठी घेऊन आले, वरच्या मजल्यावरची मुले बॅट घेऊन आली, कोणीतरी शंभर क्रमांकावर फोनही लावला. निघाली ती मांजर. चौथ्या दिवशी पुन्हा. या खेपेस कूलरच्या वाऱ्याने हलणारा पडदा आणि बाहेरून येणारी उन्हाळी झळ यांनी मिळून कारस्थान केले होते. तेव्हा दोघेच आले. तिसऱ्या वेळी कोणीच आले नाही, सकाळी दूधवाला तेवढा म्हणाला, “मास्साब, रात को आपकी मशीन बज रही थी.” लांडगा आला रे आला ही गोष्ट मी तीस वर्षे दुसऱ्यांच्या मुलांना शिकवली आणि स्वतः मात्र गल्लीला तीन वेळा फसवून बसलो. मग एका रविवारी घरोघर जाऊन दिलगिरी व्यक्त केली. पडवीतला डोळा मांजराच्या वाटेवरून काढून वर लावला. आईला रात्री न्हाणीघरात जावे लागते म्हणून तो रात्रीपुरता बंद ठेवायचा आणि रात्री फक्त दारांच्या जोड्या जाग्या ठेवायच्या, असेही ठरले.

याच सुमारास मी आणखी एक गोष्ट केली. आमच्या वस्तीत एक रात्रीचा चौकीदार आहे. नेपाळकडचा, पन्नाशीचा. काठी आपटत, शिट्टी फुंकत तो रात्रभर गल्ल्यांतून फिरतो आणि पहिल्या तारखेला घरटी शंभर रुपये मागतो. चैत्रापासून मी ते देणे थांबवले. शंभर रुपयांचा प्रश्न नव्हता. पण दहा हजारांचा संच बसवल्यावर शिट्टीचेही पैसे द्यावयाचे हे मला हिशेबाला धरून वाटेना. “अब मशीन लग गई है,” असे मी त्याला सांगितले. त्याने फाटकावरच्या कॅमेऱ्याकडे एकदा पाहिले आणि “ठीक है, साब” म्हणून तो पुढच्या घरी गेला.

पावसाळा आला. आमचे मागचे दार जुन्या लाकडाचे. श्रावणात ते फुगते आणि चौकटीत नीट बसत नाही. एरवी हे केवळ सौ.च्या कुरकुरीचे निमित्त असते; या वर्षी त्याने चुंबक आणि काचेची नळी यांच्यात बोटभर अंतर पाडले. चुंबकाचा जोर तेवढ्या अंतरावर पोचत नाही. परिणामी बंद दार यंत्राला उघडे दिसू लागले. एकाच रात्रीत मोबाइलवर अकरा निरोप. दिवसभर शाळेत प्रवेशाच्या याद्या, माध्यान्ह भोजनाची पत्रके आणि गळके छत यांना तोंड देऊन आलेल्या माणसाने काय करावे? मी मागच्या दाराचा आवाज बंद केला. नोंद होत राहील, पण भोंगा वाजणार नाही आणि मोबाइलही ओरडणार नाही, अशी सोय त्यात आहे. पावसाळा संपला की सुताराला बोलावू, असे म्हटले. सुताराला बोलावले नाही. आवाज पुन्हा सुरू केला नाही.

कार्तिकात एका रविवारी चिरंजिवांचा फोन आला.

“बाबा, रात्री मागचं दार कोण उघडतं?”

“कोणी नाही. ते लाकूड फुगलेलं आहे.”

“लाकूड फुगलं होतं तेव्हा केव्हाही नोंद पडायची. आता पाऊस गेलाय, त्या नोंदी थांबल्यात. आता एकच राहिलीये. रोज पहाटे साडेतीन ते चारच्या मधे दार उघडतं, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी बंद होतं. रोज, बाबा.”

मी चश्मा लावून ती यादी पाहिली. हजेरीपत्रक वाचण्यात माझी हयात गेली आहे. खाडाखोड केलेले पान आणि खरे पान मला लांबूनही कळते. हे पान खरे होते. लाकूड सुकले तशा खोट्या नोंदी गळून पडल्या होत्या आणि त्यांच्याखाली दडलेल्या खऱ्या उरल्या होत्या: 3.38, 3.45, 3.41. श्रावणाच्या गर्दीतही, आता नीट पाहिले तर, त्या तिथे होत्या.

आता जे सांगतो ते सांगण्यास संकोच वाटतो. माझ्या मनात पहिला माणूस आला तो चौकीदार. पहाटे साडेतीनला बोळात दुसरे असते कोण? त्याचे पैसे मी बंद केले होते, राग असणारच. सौ.ला मी काही बोललो नाही. रात्री माडीवर निजायला न जाता नानांची काठी घेऊन पडवीत अंधारात खुर्ची टाकून बसलो.

साडेतीनच्या पुढे माजघरात हालचाल झाली. आई उठली. दिवा न लावता तिने केसांवरून हात फिरवला, पदर खोचला, मोरीतली पितळी कळशी उचलली, आणि माझ्यापासून चार हातांवरून, मला न पाहता, मागच्या दाराशी गेली. कडी तिने इतक्या हलक्या हाताने काढली की मला ती दिसली, ऐकू आली नाही. घरात लेकरे निजलेली असताना कडी कशी काढावी हे त्या हातांना पाठ होते.

मी मागे गेलो. बोळाच्या टोकाशी, जेथे आता वरच्या मजल्यावरच्या मुलाची मोटारसायकल उभी असते, तेथे ती जाऊन उभी राहिली. कळशी खाली ठेवली. आणि मला एकदम उमगले. तेथे सार्वजनिक नळ होता.

इंदूरच्या जुन्या माणसांना हे सांगावे लागणार नाही. नर्मदेचे पाणी आपल्या शहरात आले ते 1978 साली. त्यासाठी लोकांना आंदोलन करावे लागले, आणि ते आल्यावर शहराने उत्सव केला. पण त्यापूर्वीचे उन्हाळे! घरच्या नळाला धार नसे. बोळातला नळ पहाटे येई, आणि तो येण्याआधी रांग लागे. रांगेत बायका उभ्या नसत, त्यांची भांडी उभी असत. डबा, बादली, फुटकी घागर, कोणाची नुसती वीट. वीट पुढे सरकवण्यावरून भांडणे होत. मी सात वर्षांचा होतो. आई मला झोपेतून उठवून कळशीपाशी उभे करी आणि स्वतः दुसरी बादली आणायला घरात जाई. “जागा सोडू नकोस हं, बाळ,” असे बजावून. ती तेव्हा चौतीस वर्षांची असेल.

बोळात शिट्टी वाजली नाही. फक्त काठीचा हलका आवाज आला. चौकीदार आईच्या समोर येऊन थांबला. मी भिंतीला चिकटून उभा होतो.

“माँजी, आज सप्लाई नहीं है,” तो म्हणाला. “लाइन फूटी है. कल आएगा.”

“कल आएगा?”

“हाँ, कल पक्का.”

त्याने कळशी उचलली आणि तो तिच्यापुढे एक पाऊल चालत आमच्या दारापर्यंत आला. दार ढकलून कळशी आत ठेवली. आई आत गेली. सवयीने तिने आतून कडी लावली. मी बाहेरच राहिलो. मला पाहून तो दचकला नाही. त्याला वाटत होते की घरात हे ठाऊक आहे.

“कब से?” मी विचारले.

“बारिश से, साब. एक-दो बार पहले भी.”

सकाळी मी त्याची खोली शोधत गेलो. आठ महिन्यांचे आठशे रुपये दिले. त्याने ते मोजून घेतले आणि एक शंभराची नोट फाटकी होती ती बदलून मागितली. निघताना म्हणाला, “कुंडी ऊपर लगवा लो, हाथ नहीं पहुँचेगा.”

तोच सल्ला इतरांनीही दिला. चिरंजीव म्हणाले, आकड्यांचे कुलूप पाठवतो. ज्या डॉक्टरांना दाखवले त्यांनी विस्मरणाच्या या आजारात रात्री असे उठणे नवे नाही असे सांगितले, औषध लिहून दिले. कुलपाबद्दल मात्र म्हणाले, विचार करून लावा. आग लागली, पडल्या, तर त्यांनाही बाहेर पडता येणार नाही आणि तुम्हांलाही लवकर आत जाता येणार नाही. सुतार आला, दार रंधून गेला. उंचावर लावायची नवी कडी मी बाजारातून आणली होती. ती अजून कागदातच आहे. चोर आत येऊ नये म्हणून कडी लावणे आणि आई बाहेर जाऊ नये म्हणून कडी लावणे या दोन क्रियांत हात एकच असतो, पण दुसऱ्या वेळी तो उचलत नाही. सौ. म्हणते, हा तुमचा भावनेचा खेळ आहे, थंडीत त्या पडल्या तर? तिचे म्हणणे चुकीचे नाही. आमचा हा वाद अर्धवट आहे.

तूर्त एवढे केले आहे. मागच्या दाराचा भोंगा बंद ठेवून माझ्या उशाशी एक छोटी घंटी घेतली आहे, तीही बिनतारीच. दार हलले की ती देवघरातल्या घंटेसारखी दोनदा वाजते. वीज गेली तर मुख्य पेटी आपल्या बॅटरीवर चालते, पण इंटरनेटची पेटी बंद पडते, म्हणून तिलाही वेगळी बॅटरी जोडली आणि मुख्य पेटीत एक सिमकार्ड घातले. स्वस्त संचात एक उणीव असते: दाराची जोडी निरोप धाडून मोकळी होते, तो पोचला की नाही हे तिला कळत नाही, आणि जोडी मेली तरी पेटीला कळत नाही. आमच्या संचात प्रत्येक जोडी ठराविक वेळाने हजेरी देते. घेणार असाल तर हे विचारून घ्या. चौकीदाराचा मोबाइल क्रमांकही आता त्या यादीत आहे, चिरंजिवांच्या वर. पुढच्या दाराचा अडसर मी पुन्हा दहा वाजता सरकवू लागलो आहे. आईला तो आवाज ऐकू येतो असे दिसते. त्यानंतर ती जपमाळ ठेवते.

औषधाने फरक पडला आहे. आता आठवड्यातून दोन किंवा तीनच रात्री घंटी वाजते. मी शाल घेऊन खाली उतरतो तोवर ती बोळाच्या टोकाला पोचलेली असते. मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहतो. पौषातली थंडी, मोटारसायकलच्या सीटवर दव पडलेले, आणि कुठल्यातरी गल्लीत काठीचा आवाज.

“नंबर लावलास का रे?” ती विचारते.

“लावलाय, आई. आपल्यापुढे दोघीच आहेत.”

“मग थांबू या,” ती म्हणते, आणि कळशी माझ्या हातात देते.